‘समांतर’ : हातची गेलेली कादंबरी

(द्वितीय वर्ष, कला)

रहस्यकादंबरीविषयी कॉलेजच्या वार्षिकांकात लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या वर्गात कादंबरीची चर्चा निघाली की ती ‘कोसला’पासून सुरू होते आणि बहुधा ‘कोसला’पाशीच संपते. सुहास शिरवळकरांचे नाव कुणी काढले तर मागच्या बाकांवर हशा पिकतो. गंमत अशी की, हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ‘दुनियादारी’ दोनदा वाचलेली असते आणि उरलेल्या निम्म्यांनी तिच्यावरचा २०१३ सालचा चित्रपट चारदा पाहिलेला असतो. तेव्हा संकोच सोडून सांगते, मी शिरवळकर आवडीने वाचते. आमच्या घरात पुस्तके नव्हती. दहावीच्या सुट्टीत मजल्यावरच्या एका काकांनी रद्दीत घालायला काढलेली पिशवी मला दिली. तीत बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप आणि शिरवळकर असे तिघेही दाटीवाटीने नांदत होते. झुंजार, काळापहाड, दारा बुलंद, फिरोज इराणी यांच्या संगतीत मला वाचनाची गोडी लागली. अभ्यासक्रमातली पुस्तके मी नंतर वाचली, आणि ती वाचता आली ती या पिशवीमुळेच.

म्हणूनच ‘समांतर’विषयीची माझी तक्रार ही परक्याची तक्रार नाही. घरच्या माणसाने वचन देऊन मोडावे तसे मला ही कादंबरी वाचून झाले.

कथाबीज असे आहे. कुमार महाजन हा बेताच्या परिस्थितीतला, नशिबाने साथ न दिलेला माणूस. ज्योतिषावर त्याचा विश्वास नाही. मित्राच्या आग्रहाने तो एका स्वामींकडे जातो. स्वामी त्याचा हात पाहतात आणि काही सांगायचे नाकारतात, कारण हाच हात त्यांनी पूर्वी एकदा पाहिलेला आहे. तो हात सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा होता. रेषा न् रेषा तीच. याचा अर्थ, चक्रपाणी जे आयुष्य जगून चुकला तेच कुमार आता जगतो आहे. चक्रपाणीचा भूतकाळ हा कुमारचा भविष्यकाळ आहे. तो माणूस सापडला तर पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळेल. मराठीत इतके जबर कथाबीज घेऊन आलेली रहस्यकादंबरी मला दुसरी ठाऊक नाही. २०२० साली तिच्यावर मालिका निघाली, २०२१ मध्ये तिचा दुसरा भाग आला. पहिल्या भागाच्या वेळी टाळेबंदी होती आणि आमच्या मजल्यावर एका मोबाइलभोवती पाच-पाच माथी एकत्र येऊन ती पाहिली गेली. त्यात चक्रपाणीचे काम नितीश भारद्वाज यांनी केले होते. सुदर्शन काय आणि चक्रपाणी काय, दोन्ही कृष्णाचीच नावे. त्यामुळे दूरदर्शनवरचा जुना ‘महाभारत’ पाहिलेल्या आमच्या आज्जीने ‘ह्यो तर किस्नच हाय’ म्हणून हातच जोडले.

हे कथाबीज मला इतके का झोंबले, ते सांगायचे तर आमच्या चाळीविषयी थोडे लिहावे लागेल. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत १२१ चाळी. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत यांतल्या काही चाळींचा तुरुंग करून सत्याग्रहींना तेथे ठेवले होते. फारसा बदल करावा लागला नसेल! मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. रात्री बोळातून येताना उघड्या दारांतून एकामागून एक खोली दिसत जाते. तीच मोरी, तोच पोटमाळा, तीच भांड्यांची फळी, खाली अंथरुणे पसरणारी तीच बाई. लहानपणी एकदा मी चुकून खालच्या मजल्यावरच्या खोलीत शिरले होते आणि जेवायला बसले होते. त्या घरातल्या काकूंनी पानात भात वाढला तेव्हा आमटीच्या वासावरून मला कळले, की हे आपले घर नाही. समांतर आयुष्य हे आम्हाला स्वामींकडे जाऊन कळून घ्यावे लागत नाही. ते भिंतीपलीकडून खोकताना ऐकू येते.

आणि माझे तर भिंतीपलीकडेही नाही, आमच्याच खोलीत आहे. माझी आत्या. आज्जी माझा हात हातात घेऊन उठता-बसता सांगत असते, ‘थेट आत्याचा हात हाय पोरीचा.’ म्हणजे बोटे लांब, अंगठा मागे वळणारा, आणि डाव्या हाताने पाणी पिण्याची खोड. आजोबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आत्या दहा वर्षांची होती. संप रीतसर मिटलाच नाही आणि आजोबांना गिरणीने परत घेतले नाही. आत्या दहावीला पहिल्या वर्गात पास झाली आणि दुसऱ्या दिवसापासून लोअर परळच्या एका कारखान्यात पीसवर शिवायला बसली. पुढे लग्न झाले, दोन वर्षांत ती परत आली. ती का आली, हे घरात बोलले जात नाही. गेली अठ्ठावीस वर्षे तिचे शिलाई मशीन आमच्या खिडकीखाली आहे, आणि मी बारावीचा अभ्यास त्या मशीनच्या आवाजात केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पण ‘थेट आत्याचा हात’ हे शब्द आज्जी प्रेमाने म्हणत असली तरी ते ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो.

सांगायचा मुद्दा हा, की मी ‘समांतर’ करमणुकीसाठी उघडली नव्हती. मला त्या पुस्तकाकडून काहीतरी हवे होते.

शिरवळकरांची लेखणी वेगवान आहे, हे कुणीही नाकारणार नाही. त्यांचे संवाद धावतात आणि माणूस एका वाक्यात उभा राहतो. पुस्तक मी एका रात्रीत, पोटमाळ्यावर, मोबाइलच्या उजेडात वाचले. शेवट मी येथे सांगणार नाही, रहस्यकथेच्या बाबतीत तो गुन्हाच आहे. माझी तक्रार शेवटाविषयी नाहीदेखील. ती मधल्या भागाविषयी आहे. एवढा मोठा प्रश्न हाती आल्यावर कादंबरी त्याचा पाठलाग करून टाकते. चक्रपाणी कुठे आहे, त्याचा पत्ता कोण देईल, तो हुलकावणी का देतो, सापडला तर तो काय सांगेल, अशी एकामागून एक गाठ सुटत जाते आणि आपण पाने उलटत राहतो. उत्कंठा भरपूर. परंतु ज्या माणसाला कळले आहे की आपले आयुष्य दुसऱ्याने आधीच जगून वापरून टाकलेले आहे, तो माणूस त्या रात्री झोपतो कसा? बायकोशी बोलताना ‘हे वाक्य त्यानेही असेच म्हटले असेल का’ असे त्याच्या मनात येत नाही का? मुलाच्या डोक्यावरून हात फिरवताना तो हात आपला आहे की चक्रपाणीचा, असा संशय त्याला खात नाही का? भीती होती ती इथे. कादंबरी तिला ओझरता स्पर्श करते आणि पुढची गाडी पकडायला धावते.

दुसरी गोष्ट मला आणखी खटकली, आणि ती कुणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही. दोन माणसांचे आयुष्य सारखे व्हायचे तर केवळ दोन हात सारखे असून भागत नाही. चक्रपाणीला जशी बायको मिळाली तशीच कुमारला मिळायला हवी. जसा साहेब भेटला तसाच साहेब, जसा मित्र तसाच मित्र. मग त्या सगळ्यांचेही हात सारखेच असले पाहिजेत! कुमारची बायको स्वामींपुढे बसली असती, तर स्वामींनी तिचाही हात झिडकारला असता काय? ‘बाई, तुमचे आयुष्य एक बाई जगून गेली आहे’ असे तिला सांगितले असते, तर तिने काय केले असते? कादंबरीत जगणे पुरुषाच्या हातावर लिहिलेले आहे आणि बाकीची माणसे त्या रेषेच्या कडेने उभी आहेत. एका रेषेला समांतर म्हणायला शेजारी दुसरी रेषा लागते, एवढे तर आम्ही सातवीच्या भूमितीत शिकलो होतो. येथे दुसरी रेषा आहे, पण तीही पुरुषाचीच.

हे मी आमच्या मराठीच्या सरांजवळ बोलले. सर हसून म्हणाले, ‘अगं, रहस्यकादंबरीकडून हे मागणे म्हणजे उडप्याच्या हॉटेलात बसून पुरणपोळी मागण्यासारखे आहे.’ सरांचा मान राखून मला असे वाटते, की पाटीवर पुरणपोळी लिहिलेली असेल तर मागायला काय हरकत आहे? अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्याकडे मी कधी माणसाच्या मनाचा तळ मागितला नाही, कारण त्यांनी तो देऊ केला नव्हता. झुंजार संकटातून सुटला की हिशेब मिटला. ‘समांतर’ने पहिल्याच झटक्याला ‘तुझे आयुष्य तुझे आहे का?’ असे विचारले. प्रश्न लेखकाने विचारला, मी नव्हे.

आणि हा प्रश्न काही नवा नाही. कंसाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. बहिणीला वरातीतून पोहोचवायला निघालेला, स्वतः रथ हाकणारा हौशी भाऊ. आकाशवाणी होते आणि तोच भाऊ बहिणीचे केस धरून तलवार उपसतो. भविष्य कळेपर्यंत तो इतका वाईट नव्हता. कळल्यामुळे झाला. ग्रीकांच्या ईडिपसचेही तेच, पु. ल. देशपांड्यांनी ते नाटक १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणले आहे. नाटकाला बसलेल्या ग्रीक प्रेक्षकांना शेवट तोंडपाठ होता. तरी ते श्वास रोखून पाहत, कारण पुढे काय होणार यापेक्षा या माणसाला ते कळेल तेव्हा त्याचे काय होईल, यात त्यांचा जीव अडकलेला असे. ‘समांतर’मध्ये ही दोन्ही माणसे दडलेली होती. त्यांना बाहेर काढले असते तर मराठीत एक भयंकर पुस्तक झाले असते. भयंकर हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरते आहे.

पण माझा सर्वांत मोठा आक्षेप त्या हातालाच आहे. चक्रपाणी आणि कुमार यांच्यामध्ये वर्षांचे अंतर आहे. एवढ्या वर्षांत आयुष्य तसेच्या तसे पुन्हा घडायला जग थांबून राहिले होते काय? आमच्या आजोबांचा हात उद्या कुणाला जसाच्या तसा मिळाला, तरी त्याला साच्यावर उभे राहता येणार नाही, कारण साचे भंगारात गेले आणि गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी आहे. म्हणजे काळ रेषा पुसून टाकतो, असे म्हणून मी सुटले असते. पण त्या काचेच्या इमारतीत रात्रपाळीला सिक्युरिटीच्या गणवेशात कोण उभा असतो? माझे बाबा. ज्या फाटकातून आजोबा पासावर शिरत, तिथेच बाबा लोकांचे पास तपासतात. बाबांचा हात आजोबांसारखा मुळीच नाही, आखूड आणि जाड आहे. तरी आयुष्य फिरून त्याच फाटकाशी आले. त्यासाठी रेषा लागल्या नाहीत. एक संप, एक बंद पडलेली गिरणी, बारावीला सुटलेले शिक्षण आणि १६० चौरस फुटांची खोली एवढे पुरले. कादंबरीने ‘हे असे का होते’ या प्रश्नाचे उत्तर तळहातावर ठेवून दिले, आणि मग शोधण्यासारखे काही उरलेच नाही. पत्ता तेवढा उरला.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, मग तू स्वामींच्या जागी खोलीला बसवलेस, एवढाच फरक. ‘हाताने नाही, तर चाळीने लिहिले.’ तिचे म्हणणे मी झटकून टाकू शकले नाही. परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ एवढी वर्षे राहिले. दोन लहान खोल्या. त्याच मजल्यावर तशाच खोल्यांत राहिलेल्या कितीतरी माणसांची नावे आज कुणाला माहीत नाहीत. तेव्हा खोली सारखी म्हणून माणूस सारखा, हे काही खरे नव्हे. मात्र बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्या घरात रमाबाईंनी कसे दिवस काढले, हेही आठवले पाहिजे. एकाची रेषा वेगळी निघायची असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी हात खाली लागतो. हे माझ्या ‘समांतर’मध्ये असते. मला कादंबरी लिहिता येत नाही, म्हणून मी वार्षिकांकात लिहिते आहे.

असो. पुस्तक वाचून झाल्यावर मी ते आत्याला दिले. आमच्या पुनर्विकासाची गडबड सध्या घराघरांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमच्या चाळीचा नंबर अजून यायचा आहे. जांबोरी मैदानाशी उभे राहिले की नव्या इमारती दिसतात, आणि आमच्याकडे बोलणे सुरू होते ते देखभालीच्या खर्चाचे. दर महिन्याला किती भरावे लागतील, लिफ्टचे किती, पाण्याचे किती. त्या हिशेबात एक दिवस माझे नाव आले. दुसरे वर्ष झाले म्हणजे पुष्कळ झाले, एक नोकरी चालून आली आहे आणि गावाकडून एक स्थळही. बाबा हे रागाने म्हणाले नाहीत. ते दमून म्हणाले, आणि दमलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. आज्जी माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘हिच्या आत्याचंबी असंच...’ आणि गप्प बसली. आत्या मशीनवर होती. तिने मशीन थांबवले नाही.

त्याच रात्री मी तिच्या उशाशी ‘समांतर’ ठेवली. तिने शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलेले मी पाहिले नव्हते. ती रोज दहा-बारा पाने वाचते, बोट ठेवून, ओठ हलवत. चौथ्या दिवशी तिने मला विचारले,

‘हा माणूस त्या दुसऱ्याला शोधत गावोगाव हिंडतोय. कामावर खाडे किती झाले असतील गं याचे?’

मी हसले. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि तो दुसरा? त्याला कुणी विचारलं का, की बाबा तुला कसं वाटतं? तुझ्यासारखं होऊ नये म्हणून एवढा जीव टाकतोय तो.’

मी हे पुस्तक सबंध एका रात्रीत वाचले होते, त्यावर सरांशी वाद घातला होता, कंस आणि ईडिपस काढले होते. चक्रपाणीच्या बाजूने मी एकदाही पाहिले नव्हते. त्या क्षणी मला शिरवळकरांचा राग जरा कमी आला आणि स्वतःचा थोडा जास्त. ‘आत्यासारखं व्हायचं नाही’ हे मी मनात किती वेळा म्हटले असेन, आणि त्यातल्या कितीदा ती दोन हातांवर बसलेली असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रात्रपाळीहून आले तेव्हा आत्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, ‘तिसऱ्या वर्षाची फी मी भरते. लिफ्टचं तुम्ही बघा.’ बाबा काही बोलले नाहीत. स्थळाला अजून नकारही गेलेला नाही. पुढे काय होणार, हे सांगणारा स्वामी आमच्या मजल्यावर कुणी नाही.

पुस्तक परत करायची तारीख गेल्या मंगळवारी उलटली. ग्रंथपालबाईंनी दोनदा विचारले. ते माझ्याकडे नाही, आत्याच्या उशाखाली आहे, आणि तिची शेवटची वीस पाने राहिली आहेत, हे त्यांना सांगायचे राहून गेले आहे. दंड होईल तो भरीन.